बी-टू पास, जर्मन नापास

मी मूळची देगलूरची. अकरावी-बारावी लातूरला, नर्सिंग नांदेडला आणि नोकरी आता जर्मनीत, श्टुटगार्टपासून तासाभरावरच्या एका गावातल्या रुग्णालयात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. मी त्या करारातून आलेली नाही, त्याच्या आधीच आले. पण ज्या राज्यात आपल्याकडच्या मुलांना जायचं आहे, तिथेच मी काम करते. त्यामुळे ओळखीपाळखीतून फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो : "ताई, बी-टू किती महिन्यांत होतं?" त्याचं उत्तर मी देते. बी-टू झाल्यावर माझी काय गत झाली ते मात्र कोणी विचारत नाही. म्हणून लिहून काढते आहे.

बी-टू म्हणजे काय ते आधी सांगते. युरोप परिषदेने २००१ साली परकी भाषेच्या ज्ञानाच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी असेल तर साधारणपणे चौथी पायरी, म्हणजे बी-टू लागते. या पायरीचं वर्णन वाचण्यासारखं आहे : मूळ भाषिकाशी इतक्या सहजपणे बोलता यावं, की दोघांपैकी कोणालाच ताण पडू नये. माझ्याकडे हे प्रमाणपत्र होतं. आणि मी तोंड उघडलं की समोरच्याला ताण पडायचा, ऐकताना मला पडायचा.

असं का झालं, तर मी जर्मन ही भाषा म्हणून शिकलेच नव्हते. विषय म्हणून शिकले होते. लातूरला दोन वर्षं काढलेल्या माणसाला विषय काढायचा कसा, हे शिकवावं लागत नाही. प्रश्नसंच, सराव परीक्षा, पुन्हा उजळणी, पुन्हा परीक्षा. कुठला धडा किती गुणांना, कुठला ऑप्शनला टाकायचा, याचा हिशेब. यालाच लातूर पॅटर्न म्हणतात. मेडिकलला नंबर लागला नाही, पण सवय अंगात मुरली. नांदेडला डॉक्टर्स लेनमधल्या एका खासगी दवाखान्यात ड्युटी करायची, संध्याकाळी खोलीवर येऊन मोबाइलवर ऑनलाइन क्लास करायचा, आणि रात्री वही.

पहिली चूक ती वही. तिचा मला फार अभिमान होता. डाव्या बाजूला जर्मन शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ, पुल्लिंगी निळ्या शाईत, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरव्या. शब्द अकारविल्हे लावलेले. पाठ इतके चोख, की कुठला शब्द कुठल्या पानावर, वरून कितवा, हे मी डोळे मिटून सांगायची. तोच शब्द कोणाच्या बोलण्यात आला तर मात्र कानाला ओळख पटायची नाही, कारण कानाने तो कधी ऐकलाच नव्हता. सुटा शब्द वाक्यात वापरायची वेळ आली, की सोबत कुठलं शब्दयोगी अव्यय जातं, क्रियापद कुठलं लागतं, यातलं काहीच वहीत नसायचं.

उजळणी करणं चूक नव्हतं, हे सांगायला हवं. नाहीतर सगळं खापर लातूर पॅटर्नवर फुटेल. माणूस पाठ केलेलं किती वेगाने विसरतो आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर ते कसं टिकतं, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानेच १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. पुढे १९७२ मध्ये सेबास्टियान लाइटनरने त्याची सोपी युक्ती लोकप्रिय केली. एक खोकं, त्यात पाच कप्पे. कार्ड बरोबर आलं तर पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्या कप्प्यात; आणि पुढचे कप्पे जास्त दिवसांनी उघडायचे. अंकीसारखी मोबाइलमधली ॲप्स याच तत्त्वावर चालतात. मी हे फार उशिरा, जर्मनीत आल्यावर, मिठाईच्या रिकाम्या डब्यात पुठ्ठ्याचे आडवे तुकडे बसवून सुरू केलं. तेव्हा कार्डावर सुटा शब्द लिहिणं बंद केलं. वॉर्डात त्या दिवशी कानावर पडलेलं एक अख्खं वाक्य लिहायचं, त्यातली एक जागा मोकळी सोडायची, आणि मोठ्याने म्हणून कार्ड उलटायचं. शब्द, लिंग, विभक्ती, सूर, सगळं एकदम लक्षात राहायला लागलं. वहीत वर्ष घालवलं नसतं तर हे नांदेडलाच झालं असतं.

दुसरी चूक, मी बोलणं पुढे ढकलत गेले. आधी व्याकरण पक्कं होऊ दे, मग बोलू. क्लासमध्ये कॅमेरा बंद, माइक बंद. मॅडमनी नाव घेतलं तर "नेटवर्क नाही" असं टाइप करायचं. बारावीपर्यंत एकच शिकले होते, की उत्तर पक्कं नसेल तर हात वर करायचा नाही. चुकीच्या उत्तराला उणे गुण असतात ना!

मी दिलेल्या बी-टूच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकी शंभर गुणांचे, साठ मिळाले की तो भाग पास. आणि भाग वेगवेगळे देता येतात. संभाषणात आधी एका विषयावर छोटं भाषण करायचं आणि मग जोडीदाराशी चर्चा. मी काय केलं असेल? पर्यावरण, घरून काम, समाजमाध्यमं, शाकाहार, अशा संभाव्य विषयांवरची भाषणं घोटून ठेवली. पनवेल गाडीत रात्रभर पुटपुटत पुण्याला गेले. चर्चेत जोडीदाराने वेगळाच मुद्दा काढला तेव्हा "तुमचं म्हणणं बरोबर आहे, परंतु" असं म्हणून मी पुन्हा माझ्या पाठ परिच्छेदावर आले. परीक्षकांना कळलं असेलच, पण गुण मिळाले. श्रवणाचा भाग मात्र राहिला. त्यावरही माझा उपाय ठरलेलाच : बाजारात मिळतील तेवढे नमुना पेपर सोडवायचे. रेडिओ नाही, बातम्या नाहीत, गप्पा नाहीत. पेपर काढणारे कुठे फसवतात ते ओळखायला शिकले आणि पुढच्या खेपेला तोही भाग सुटला. घरी पेढे वाटले.

नव्या कापडाने पहिल्या धुण्यातच आटावं, तसं त्या जर्मनचं झालं.

इथे जर्मनीत रुग्णालयात पाळी बदलताना रात्रपाळीची नर्स सकाळच्या लोकांना प्रत्येक रुग्णाची माहिती देते. बंद खोली, टेबलाभोवती पाच-सहा जण, हातात कॉफी. परीक्षेच्या ध्वनिफितीत माणसं एकेक करून बोलतात. इथे तिघं एकाच वेळी बोलत होती. त्यात श्वाबेन भागातली बोली. पुस्तकातला 'इस्ट' इथे 'इश' होतो, नामांना 'ले' चिकटतो, अर्धं वाक्य गिळलं जातं, उरलेलं निम्मं संक्षेपात. मला चाळीस टक्के कळत असेल. पण तोंडावर मी ते दिसू दिलं नाही. सगळे मान हलवत होते, मीही हलवली. कोणी माझ्याकडे पाहिलं की "याऽ, क्लार" म्हणायची. हो, कळलं.

माझी मान्यता अजून व्हायची होती, त्यामुळे मी मदतनीस म्हणून काम करत होते. न्याहारी वाटणं माझ्याकडे. खिडकीजवळच्या पलंगावर एक आजी होत्या, त्यांना पाव, लोणी, जॅम आणि कॉफी दिली. त्यांनीही आनंदाने खाल्ली. थोड्या वेळाने शस्त्रक्रिया विभागातून त्यांना न्यायला माणूस आला. मग एकदम शांतता, मग फोनाफोनी. आजींना उपाशी ठेवायचं होतं. सकाळी ते सांगितलं गेलं होतं, माझ्यासमोर, आणि मी मान हलवली होती. तो शब्द माझ्या वहीत होता, लाल-निळ्या-हिरव्याच्या पलीकडे विशेषणांच्या पानावर. शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. आजींना काही झालं नाही, हे माझं नशीब. पण पोट भरलेल्या माणसाला भूल दिली तर काय होऊ शकतं, हे मला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

वॉर्डप्रमुख बाईंनी मला आत बोलावलं. मला वाटलं, भाषेवरून बोलणार. त्यांनी एवढंच विचारलं, "कळलं नव्हतं, तर विचारलं का नाहीस?" याचं उत्तर मला जर्मनमध्ये देता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मराठीतही देता आलं नसतं. न कळणं म्हणजे नापास होणं, आणि नापास झालेलं चारचौघांत दाखवायचं नसतं, हे इतकं आतलं होतं.

तेव्हापासून मान हलवणं बंद केलं. ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं : "म्हणजे खिडकीजवळच्या बाई उपाशी, साडेदहाला नेणार, दागिने काढायचे, बरोबर?" चुकलं तर समोरचा दुरुस्त करतो, बरोबर असेल तर तेच वाक्य माझ्या तोंडून एकदा जातं. पहिले काही दिवस पाळी बदलायला जास्त वेळ लागला आणि काही जण घड्याळाकडे पाहायचे. पण माझं ऐकणं जेवढं त्या खोलीत सुधारलं, तेवढं कुठल्याच नमुना पेपरने सुधारलं नव्हतं.

याच सवयीमुळे तिसरी चूक उघडी पडली. फोनवर वरचा रक्तदाब १३५ सांगितला, मी लिहिला १५३. परत म्हणून दाखवला म्हणून निभावलं. जर्मनमध्ये आधी पाच म्हणतात, मग तीस. रात्री विचार करत बसले, की यात मला अडखळायला काय झालं? आपल्या पस्तीसमध्येही पाच आधी, तीस नंतर. मला मराठीतून हे फुकट मिळायला हवं होतं! पण मी जर्मन ऐकून डोक्यात इंग्रजी करत होते, आणि मग लिहीत होते. पुस्तकं इंग्रजीतून, नोट्स इंग्रजीतून, क्लासही इंग्रजीतून. मराठीला मी दाराबाहेर चपलांशेजारी ठेवून आत गेले होते.

मराठी माणसाला जर्मनमध्ये किती गोष्टी आयत्या मिळतात, ते मग एकेक करून दिसायला लागलं. लिंगं तीन, आपल्यासारखीच. कुठल्या वस्तूला कुठलं, हे जुळत नाही. पण निर्जीव वस्तूलाही लिंग असतं, आणि ते नियमाने कमी, कानाने जास्त लक्षात राहतं, हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. विभक्ती आहे. परक्याला अहो-जाहो, घरच्याला अरे-तुरे आहे. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं, ज्याने इंग्रजीतून येणारे जेरीस येतात; आपण दिवसभर दुसरं काय करतो? 'मला आवडतं' यातला 'मला' जर्मनमध्ये तसाच्या तसा चतुर्थीत येतो. थंडी वाजते हेही ते 'मला' लावून सांगतात. मी इंग्रजीवरून 'मी थंड आहे' अशी रचना केली आणि कपडे बदलायच्या खोलीत हशा पिकला, कारण त्याचा अर्थ भलताच होतो. मराठीवरून गेले असते तर चुकलेच नसते. आता नवी रचना आली, की मी आधी विचारते, हे देगलूरला कसं म्हणू? दर वेळी जुळत नाही. पण इंग्रजीचा वळसा वाचतो, आणि बोलताना तेवढीच सवड मिळते.

देगलूरचं नाव निघालं म्हणून वडिलांबद्दल, म्हणजे अण्णांबद्दल सांगते. आमचं कापडाचं दुकान. एका बाजूला तेलंगणाची हद्द, दुसऱ्या बाजूला कर्नाटकाची. मदनूरकडचं गिऱ्हाईक आलं की अण्णा तेलुगू बोलतात, औरादकडचं आलं की कानडी, आणि निम्मा बाजार दखनी उर्दूत चालतो. यातली एकही भाषा त्यांना लिहिता येत नाही. न्याहारीचा प्रकार घडला त्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर मी रडत होते, तर ते म्हणाले, "कामून रडायलीस? मी कानडी शिकलो तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसल्या की परत तेच म्हणायचो, मग त्या नीट करून सांगायच्या. गिऱ्हाईक काय पेपर तपासायलंय का?" अण्णांनी भाषा भाव सांगण्यापासून सुरू केली. मीटर, रुपये, रंग, 'धुतल्यावर जाणार नाही'. दुकानात लागतं तेवढं आधी, आणि तेच रोज, शंभरदा. मग लग्नकार्य, पाऊसपाणी, तब्येत. मी पर्यावरणावरचं भाषण आधी शिकले आणि 'उशी थोडी वर सरकवू का?' हे नंतर.

आमच्या भागात हे काही नवल नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूचा, आणि उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं तेच उर्दू माध्यम घेऊन. घरात मराठी, शाळा-कचेरीत उर्दू, बाजारात तेलुगू-कानडी, अशा पिढ्या गेल्या. त्यात सक्ती होती, अन्यायही होता, त्याचे गोडवे गायचं कारण नाही. पण त्याच मातीतून सेतुमाधवराव पगडींसारखा माणूस निघाला. जन्म १९१० चा, निलंग्याचा. उर्दू-फारसीवर त्यांची हुकमत होती, पण हैदराबाद संस्थानच्या मुलकी नोकरीत आदिलाबादकडे गेल्यावर त्यांनी गोंड आणि कोलाम लोकांमध्ये वावरून त्यांच्या भाषा आत्मसात केल्या, आणि गोंडी व कोलामीची व्याकरणं लिहिली. पगडींची विद्वत्ता सगळ्यांना झेपणारी नाही. पण ज्यांची भाषा, त्यांच्यात जाऊन बसायचं, हे कोणालाही करता येतं. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या आसपासचे दुकानदारही यात्रेकरूंशी पंजाबीत दोन वाक्यं बोलतातच. मी त्याच नांदेडात राहून जर्मन बंद खोलीत शिकत होते.

आणि बंद खोली मी जर्मनीलाही बरोबर नेली. ही चौथी चूक, आणि वेळेच्या हिशेबात सगळ्यात महाग. राहायला आम्ही चौघी भारतीय मुली एकत्र. दोघी केरळच्या, एक कोल्हापूरची. ड्युटीवर आठ तास जर्मन ऐकून डोकं शिणायचं, मग घरी इंग्रजी-हिंदी, जेवताना मराठी मालिका, रात्री व्हॉट्सॲप. जर्मन म्हणजे गणवेश. दारात उतरवून ठेवायचा. त्यामुळे मला 'कुठे दुखतं?' छान विचारता यायचं, पण 'काल काय केलंस?' याचं उत्तर देता यायचं नाही.

यातून बाहेर काढलं ते चालण्याने. इथे श्वेबिशर आल्बफेराइन नावाची डोंगर भटकणाऱ्यांची जुनी संस्था आहे, १८८८ पासूनची. गावोगाव शाखा, सभासद बहुतेक निवृत्त. एका रुग्णाच्या मुलीने चल म्हटलं, मी गेले. चालताना बोलण्याला घाई नसते. शेजारी चालणारी माणसं बदलतात, आणि प्रत्येक जण तेच विचारतो : कुठली, इथे कशी आलीस, आई-वडील काय करतात, आमचं जेवण आवडतं का. पहिल्या माणसाला मी जे अडखळत सांगितलं, ते चौथ्याला बरं सांगितलं. पाठ न करता उजळणी झाली! शिवाय ही मंडळी बोलीतच बोलतात, त्यामुळे सकाळच्या त्या खोलीतलं बोलणं हळूहळू सुटं सुटं ऐकू यायला लागलं.

दुरुस्तीचं मात्र जमायला वेळ लागला. कोणी चूक सांगितली की मला अपमान वाटायचा, आणि दर वाक्यात चूक काढली तर बोलणंच थांबायचं. मग वॉर्डातल्या एका सहकारी बाईंशी ठरवलं, की एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक सांगायची. या आठवड्यात फक्त भूतकाळ, पुढच्या आठवड्यात फक्त विभक्ती. बाकी कितीही चुकलं तरी गप्प बसायचं. त्यांनाही बरं वाटलं, कारण सारखं टोकणं त्यांनाही जड जात होतं.

आज माझी भाषा कुठे आहे? पाळी बदलताना मी सांगते आणि लोक ऐकतात. डॉक्टरांशी फोनवर बोलताना घाम फुटत नाही. विनोद मात्र अजून अर्धे निसटतात, आणि कोणाच्या घरी माणूस गेलं तर काय बोलावं, तिथे मी अजून आखडते. बी-टूच्या वर्णनातला 'ताण' मोठ्या टेबलावर अजून पडतो.

लातूर-नांदेडला बसून शिकणाऱ्यांना श्वाबेनचे डोंगर मिळणार नाहीत, पण बरंचसं मिळतं. डॉइचे वेले हे जर्मन प्रसारण केंद्र सावकाश वाचलेल्या बातम्या देतं, सोबत मजकूर असतो; आधी ऐका, मग वाचा, मग पुन्हा ऐका. लहान मुलांसाठीचा 'झेंडुंग मिट डेर माउस' हा १९७१ पासून चालू असलेला कार्यक्रम बघा. रोजच्या वस्तू कशा बनतात ते साध्या भाषेत सांगतात. नर्स असाल तर आजच्या ड्युटीतल्या एका पेशंटची माहिती रात्री मोबाइलवर जर्मनमध्ये बोलून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका; लाज वाटेल, तरी ऐका. क्लासमधल्याच दोघी-तिघींनी रोज अर्धा तास फक्त जर्मनमध्ये फोन करायचा, चुका तशाच राहू द्यायच्या. नमुना पेपर परीक्षेच्या तोंडावर सोडवा, आधी नको. आणि क्लास लावताना 'किती महिन्यांत' हे विचारण्याआधी एका तासाला मागे जाऊन बसा. साठ मिनिटांत सर किती बोलतात आणि मुलं किती, ते बघा. सगळा वेळ सरच बोलत असतील, तर फी भरू नका.